डिसेक्शन हॉलमधला उजवा खांदा

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. नव्हता म्हणजे अजिबातच नव्हता... पप्पा दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला, आम्ही बौद्ध. अंगारे-धुपारे, लिंबू-मिरची यांना आमच्या क्वार्टरमध्ये थारा नव्हता. कॉलनीतल्या चिंचेवर भूत असल्याची आवई उठली, तेव्हा पप्पांनी मला मुद्दाम त्याच झाडाखाली अभ्यासाला बसवलं होतं. त्यामुळे तुम्हाला हसायचं तर खुशाल हसा. मीही हसले असते.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. धुळ्याला मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होते. घराण्यातली पहिली डॉक्टर होणार म्हणून पप्पांनी कॉलनीभर पेढे वाटले होते. डिसेक्शन हॉलमध्ये आमच्या टेबलावर एका धिप्पाड, बेवारस माणसाची बॉडी होती. तिची उजवी बाजू आमच्या गटाकडे. एकाने पुस्तक मोठ्याने वाचायचं, एकाने कापायचं, बाकीच्यांनी बघायचं, अशी तिथली रीत.

सुरुवात छातीपासून. पहिल्या दिवशी सुरी माझ्याकडे होती. छातीच्या मधल्या हाडापासून दंडापर्यंत पसरलेला मोठा स्नायू, पेक्टोरॅलिस मेजर, मी कापून बाजूला उलटवला. छान कापला म्हणून आमच्या टेबलावर शिकवणाऱ्या डेमॉन्स्ट्रेटर सरांनी शाबासकी दिली. त्याच दुपारी मेसकडे जाताना जर्नल छातीशी धरायला गेले, तर उजव्या हातात जोरच नाही! जर्नल सारखं निसटत होतं. म्हटलं, हात अवघडला असेल.

मग काखेची पाळी आली. तिथे बरगड्यांवरून खाली उतरणारी एक बारीक नस असते. खांद्याचं पातं पाठीला घट्ट धरून ठेवणारा जो स्नायू, सेरेटस अँटेरियर, त्याची ती नस. चरबी साफ करताना नवशिके तिलाही चरबीच समजून उडवतात. आमच्या गटातल्या सतीशनेही उडवली. मी तेव्हा टेबलापासून लांब उभी राहून पुस्तक वाचत होते. माझ्या काखेत काहीतरी तुटलं... दुखलं नाही हो, नुसतं तुटलं. पुस्तक हातातून पडलं.

संध्याकाळी हॉस्टेलवर वेणी घालायला हात वर जाईना. माझी रूममेट कुसुम, साक्रीची, आमच्याच टेबलावरची, मागून बघत होती. एरवी ती माझ्याशी शहरी मराठी बोलायची, तेव्हा मात्र घाबरून थेट अहिराणीवर आली.

"काय व्हयनं वं तुले? तुनी पाठनं हाड बाहेर येल शे!"

भिंतीला तळवे टेकवून मी मान वळवून आरशात पाहिलं. उजवं पातं पाठीतून उभं राहिलं होतं, कोंबडीच्या पंखासारखं. हे चित्र आमच्या पुस्तकात होतं. ती नस तुटली की असंच होतं. पण माझी नस कुणी कापली होती?

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, पडलीस का, जड उचललंस का, विचारलं. काहीच निघालं नाही. आणि खरी भीती तर पुढेच होती. पुस्तकातला पुढचा भाग कुसुमने मला वाचून दाखवला नाही, नुसतं पुस्तक सरकवलं. पाठीमागचे उरलेले स्नायू कापायचे, कॉलरबोन करवतीने तोडायचं आणि अख्खा हात धडापासून वेगळा करायचा...

माझी पाचावर धारण बसली. पप्पांना फोन करून सांगणार तरी काय?

दुसऱ्या दिवशी डेमॉन्स्ट्रेटर सरांना सगळं सांगताना मी ढसाढसा रडले. सर जळगावचे, स्वभावाने चांगले, पण असल्या बोलण्याची त्यांना भयंकर चीड. सतीशने सुरी घ्यायला नकार दिला. कुसुम पुटपुटली, "सर, ऱ्हाऊ द्या ना... माले भ्याव वाटस."

सर तडकले. "कुणीच नको. मी करतो. आणि तू इथेच उभी राहा, डोळे उघडे ठेवून बघ!"

मी डाव्या हाताने उजवा खांदा गच्च धरून उभी राहिले. भर दुपार, खिडक्यांतून लख्ख ऊन आलेलं. बॉडी पालथी केलेली. सरांनी पाठीवरच्या ट्रॅपेझियस या मोठ्या स्नायूला पहिला काप दिला. मला काही झालं नाही. दुसरा दिला. तरी काही नाही. मी श्वास सोडला — आणि सुरी खळ्ळकन ट्रेमध्ये पडली.

सर स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते. तो खांद्यापासून नुसता लोंबत होता. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. डाव्या हाताने त्यांनी बॉडीवर ओलं कापड ओढलं.

"हा हात राहू द्या," ते म्हणाले. "तुम्ही पलीकडच्या टेबलावर शिका."

आमच्या बॅचमध्ये तेवढाच एक हात धडाला राहिला. माझं पातं हळूहळू जागेवर बसलं, परीक्षेपर्यंत हात पूर्ववत झाला. सर मात्र रजेवर गेले ते परत आलेच नाहीत. नसा कधीकधी आपोआप बऱ्या होतात, हे आज मीच पेशंटना सांगते. पण कापलं दुसऱ्याला, तुटलं मला, आणि शेवटी सरांना का... याचं उत्तर मला कुठल्याच पुस्तकात मिळालेलं नाही.

काही वर्षांनी सर जळगावच्या स्टँडवर दिसले. मी जवळ गेले. माझ्याआधी तेच बोलले.

"तुझा हात?"

"बरा आहे, सर."

"वर करून दाखव."

मी भर स्टँडवर हात सरळ डोक्यावर नेला. सर कितीतरी वेळ बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. "बरं झालं," म्हणाले. तेवढ्यात त्यांची बस लागली. मी त्यांची पिशवी उचलली आणि नकळत त्यांच्या उजव्या खांद्याला अडकवायला गेले.

"उजव्या नको," सर हळूच म्हणाले, आणि दुसरा खांदा पुढे केला.