आईचं दुखणं, माझ्या इंग्रजीत

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, भावाला तर नाहीच. तुम्हाला सांगते — मधेच अडखळले तर जरा थांबा.

आई फलटणची. बाबा गेल्यावर माझ्याकडे बंगळूरला, येलहंकाला आली. तिला मराठीशिवाय काही येत नाही, आणि इथल्या डॉक्टरांना मराठी येत नाही. मग मधे मी. आणि आईचं बोलणं — काय सांगू? डॉक्टर विचारणार काय होतंय, आणि ही सुरुवात करणार मावशीच्या नातवाच्या बारशापासून. मला अकराला मीटिंग. वैताग यायचा हो, अगदी डोकं उठायचं.

त्या दिवाळीनंतर अशीच डॉक्टरांसमोर बसून सांगत होती. दोन घासांत पोट भरतं. डाव्या बरगडीखाली जड वाटतं. पहाटे ब्लाउज घामानं भिजतो. बांगड्या सैल झाल्यात, जिना चढवत नाही. त्यातच शेजारच्या अक्कांच्या इडल्या, इथलं पाणी, माझी सकाळची घाई — सगळं एका दमात. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत म्हटलं, "गॅसेस आहेत. आणि जरा एकटं वाटतं तिला." बस, एवढंच. त्यांनी गॅसच्या गोळ्या लिहून दिल्या. बाहेर आल्यावर आईनं विचारलं, "सगळं सांगितलंस ना गं?" मी म्हटलं, "हो, सगळं."

पुढे आठ महिने ती कुरकुरत राहिली आणि मी तिच्यावर डाफरत राहिले. दुखण्याचं किती ते कौतुक, असं तोंडावर म्हणाले. कसं म्हणवलं मला? शेवटी भाऊ आला, तिला बघून हबकला, त्यानंच रक्त तपासायला लावलं. क्रॉनिक ल्युकेमिया निघाला. रक्ताचा कॅन्सर, हळूहळू वाढणारा. बरगडीखाली जड वाटत होती ती सुजलेली प्लीहा.

इथवरचं कदाचित भावानं ताडलंही असेल. पुढचं नाही.

कॅन्सरच्या मोठ्या डॉक्टरांना उशीर किती झालाय ते जाणून घ्यायचं होतं. त्यांनी विचारलं, हा त्रास कधीपासून? भाऊ गाडी लावायला गेला होता. मी आईला मराठीत विचारलं. ती म्हणाली, "दिवाळीपासून. त्या डॉक्टरांना तेव्हाच सांगितलंय की. तूच तर सांगितलंस."

मी डॉक्टरांकडे वळले आणि म्हणाले — "टू मंथ्स."

त्यांनी तसं लिहून घेतलं. आई शेजारी मान हलवत होती, लेक बरोबर सांगतेय म्हणून.