दोन माणसांची सभा

मी अंबिका. ढुंढिराज माझा धाकटा भाऊ. वडिलांनी काशीच्या गणपतीवरून हौसेनं नाव ठेवलं. पण इथली हिंदी मंडळी शोधण्याला ढूँढ़ना म्हणतात, तेच मेलं त्याच्या कपाळी बसलं.

काशीत रामघाटावर आमच्या घरात चार पिढ्या वेद म्हणतात, आणि पाचव्या पिढीतला हा गाढव मोहाची दारू प्यायचा. त्याची बायको आनंदी गेली, तेव्हापासून सुरू झालं. मला वाईट वाटायचं आणि रागही यायचा. राग जरा जास्तच, कारण घाटाच्या पायऱ्यांवरून त्याला धरून आणायची मीच! चालणं तरी कसं? दोन पावलं पुढे, दोन मागे, पुन्हा तीन पुढे, तीन मागे. घनपाठात वेदातले शब्द असेच पुढे-मागे, पुढे-मागे फिरवून म्हणतात. हा तो पायांनी म्हणायचा.

श्रावणात विष्णुशास्त्री गुरुजींनी त्याला बोलावलं. "कार्तिकी एकादशीला बिंदुमाधवाच्या देवळात घनपारायण आहे. तोवर दारू सुटली तर तुझ्या वडिलांचं आसन तुझं. नाहीतर माझा दुसरा शिष्य नीलकंठ बसेल."

घरी येऊन ढसाढसा रडला. म्हणाला, "अक्का, एकट्यानं सुटत नाही गं. चार माणसांत बसून सोडतो."

राणीसरकारच्या त्या दिवसांत दारूबंदीच्या सभांचं पेव फुटलं होतं. पहिल्यांदा गेला छावणीत, एका पाद्र्याच्या सभेला. तिथे सगळे जन्मात न प्यालेले! खराखुरा पिणारा बघून त्यांना इतका आनंद झाला, की याला टेबलावर उभा करून जीभ दाखवायला लावली. मडमेनं सरबत पुढे केलं, तर धर्म बुडेल म्हणून हा प्यायला नाही. दारू पिताना धर्म कुठे पोहायला गेला होता, कोण जाणे.

मग अहिल्याबाई घाटावर आपल्या दक्षिणी मंडळींची सभा. तिथे ठराव झाला, की आपल्या समाजात मद्यपी मुळीच नाहीत, सबब उपायाची गरज नाही. हा उभा राहून म्हणाला, "मी आहे ना!" अध्यक्ष म्हणाले, "खाली बसा, तुम्ही ठरावात बसत नाही." पेढे खाऊन परत आला.

तिसरी सभा चौकातल्या एका लालाजींची. तीन तास व्याख्यान, आणि शेवटी ठंडाई. त्या ठंडाईत भांग! लालाजी म्हणाले, "अरे पंडितजी, ये तो बूटी है, नशा थोड़े ही है!" त्या दिवशी हा माझ्या तुळशीला गुरुजी समजून तिच्याशी दोन घटका वाद घालत बसला.

शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "अक्का, या सभांत सगळे सांगणारेच गं. सोडणारा एकही नाही."

विचार करायला मी तपकिरीची चिमूट घेतली. त्याची नजर माझ्या डबीवर गेली. "तू ही डबी सोड. मी दारू सोडतो."

"मेल्या, तपकीर म्हणजे काय दारू आहे? औषध आहे ते डोक्याचं!"

"लालाजीही हेच म्हणाले."

अस्सा संताप आला! पण ऐन विशीत कपाळ पांढरं झालं, तेव्हापासून ती डबीच माझी सोबत होती, हे तो जाणून होता. मी उठले आणि डबी गंगेत फेकली. घरी पोचेपर्यंत पस्तावले.

दुसऱ्या दिवसापासून रोज दिवेलागणीला ओसरीवर आमची सभा. अध्यक्ष मी. झालेले दिवस तो घनाच्या चालीवर मोजायचा: एक दोन, दोन एक, एक दोन तीन. मी शिंक येईना म्हणून भांडायची, तो हात थरथरतात म्हणून रडायचा. अकराव्या दिवशी पिऊन आला आणि दारातच बसला. "सगळं फुकट गेलं, अक्का."

"फुकट कसं?" मी म्हटलं. "दोन एक म्हणताना मागे येतोस, तेव्हा चुकलास म्हणतं का कोणी? मागे ये, आणि पुढे म्हण."

त्यानं मान वर केली. "तुला घनपाठ येतो?"

"चाळीस वर्षं भिंतीपलीकडे पोळ्या लाटतेय मी. कान काय गहाण टाकलेत?"

पुन्हा एकपासून मोजलं. त्यानंतर तो प्यायला नाही.

एकादशीला वडिलांच्या आसनावर बसला. काय आवाज लागला होता! आणि मध्येच थांबला. तोंड उघडं, शब्द नाही. नीलकंठ सरसावून बसला. बायकांनी वेद उच्चारायचा नाही. पण आकड्यांना कोण अडवतंय? खांबाआडून मी ओरडले, "दोन एक रे, दोन एक!"

तो हसला. दोन शब्द मागे गेला, आणि जो सुटला तो शेवटापर्यंत थांबला नाही. मी पदराला डोळे पुसत होते.

पारायण संपल्यावर गुरुजी माझ्याकडे आले. "अंबिकाबाई, ते काय ओरडलात?"

"माफ करा गुरुजी. तपकीर सुटल्यापासून डोकं ताळ्यावर नसतं."

"अहो, मग आधी सांगायचं!" म्हणत त्यांनी कनवटीची चांदीची डबी काढून माझ्यापुढे उघडली. काय तो वास! माझी दोन बोटं निघालीच. ढुंढ्यानं माझं मनगट धरलं.

"अक्का, दोन एक."

मी हात मागे घेतला. गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या डबीकडे बराच वेळ पाहिलं.

त्या दिवशी दिवेलागणीला आमच्या ओसरीवर तिसरा पाट मांडावा लागला.