बाबांनी डॉक्टरांचं बोट तपासलं

मंडळी, आज सकाळी धरमपेठेत हृदयाच्या तपासणीला गेले होते. डाव्या छातीखालचा जुना व्रण पाहून तरुण डॉक्टरनं विचारलं, "काकू, हे ऑपरेशन कधीचं?"

"मी अकरा वर्षांची असतानाचं. सत्तरच्या दशकात, इथंच नागपुरात."

तेव्हा सांध्यांच्या तापानं माझ्या हृदयाची झडप चिकटून अरुंद झाली होती. चार पायऱ्या चढले की धाप लागायची. मोठ्या डॉक्टरांनी बाबांना सरळ सांगितलं, "हृदयात बोट घालून झडप मोकळी करावी लागेल. जास्त फाटली तर रक्त उलटं गळतं. पोरगी टेबलावरच जाऊ शकते."

बाबा नागपूरजवळच्या खापा गावचे विणकर. तुटलेला धागा बोटांनी सांधण्यात त्यांचा जन्म गेला. ते सही करेनात. म्हणाले, "साहेब, आधी मले तुमचं बोट दाखवा."

नर्सबाई हसल्या. डॉक्टर हसले नाहीत, त्यांनी हात पुढे केला. नव्या कारागिराला मागावर बसवण्याआधी बाबा जसं पाहायचे, तसंच त्यांनी ते बोट नखापासून चाचपलं.

"हलकं हाये. करा आता."

आज ती झडप पुन्हा अरुंद झाली आहे. या डॉक्टर पोरानं मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन ती उघडायचं समजावलं, धोके सांगितले आणि कागद पुढे केला. मी पेन खाली ठेवलं.

"आधी हात दाखव गा."

तो गोंधळला, पण त्यानं दाखवला.

आपलं काळीज कोणाच्या हाती देताना तुम्ही काय पाहता? मी सही करून आले.

हलकी आहेत बोटं, बाबा.