हेमंत मागून ओरडतो

मी पुण्याचा, त्यात इंजिनिअर. म्हणजे भुताखेतांवर विश्वास ठेवायला दोन्हीकडून नालायक. असले अनुभव वाचून मी पोट धरून हसायचो, हे आधीच सांगून टाकतो. आता तुम्ही हसा.

राहतो ॲरिझोनात, चँडलरला. ऑफिसचा रस्ता सरळसोट, गाड्या सुसाट, आणि सायकलवाल्यांसाठी कडेला एक पांढरी रेघ. रेघ मारली की माणूस वाचतो अशी इथल्या रस्तेवाल्यांची श्रद्धा... आणि अंधश्रद्धाळू म्हणे आपण.

माझा मित्र हेमंत नागपूरचा. उन्हाळ्यात उजाडता उजाडता आम्ही दोघं सायकलने निघायचो. हेल्मेट, भडक जाकिटं, दिवसाही लुकलुकणारा लाल दिवा, सगळं असायचं. मी पुढे, तो मागे. गाडी येताना दिसली की तो ओरडायचा, "गाडी, भाऊ." मी कडेला सरकायचो. मागच्याने पुढच्याला सांगायचं, हा सायकलवाल्यांचा रिवाजच आहे. मागच्याला कोण सांगणार, हे कधी डोक्यातच आलं नाही.

एका सकाळी तो ओरडला, मी सरकलो... आणि मागे धाडकन आवाज झाला. पिकअपवाला फोनमध्ये बघत होता. "आय डिडन्ट सी हिम," एवढंच तो पोलिसांना सांगत राहिला. हेमंत जागीच गेला.

काही महिन्यांनी मी पुन्हा सायकल काढली. बायकोने, स्वातीने, अबोला धरला. कालव्यावरचा पूल ओलांडला आणि मागून स्वच्छ ऐकू आलं — "गाडी, भाऊ." मी सवयीने सरकलो. एक ट्रक कोपराला चाटून गेला. मागे वळून पाहिलं तर कोणी नाही.

तेव्हापासून हे रोज चाललंय. कान तपासून घेतले, ठणठणीत आहेत. फोनवर रेकॉर्डिंग केलं, त्यात नुसता वारा. बिनआवाजाच्या इलेक्ट्रिक गाड्यांचीसुद्धा वर्दी मला आधी मिळते.

"ही वॉर्निंग आहे, यार," स्वाती म्हणाली. "सायकल विकून टाक. मला मंजिरी व्हायचं नाहीये."

मंजिरी म्हणजे हेमंतची बायको. स्वातीचं चूक नव्हतं. मी सायकल सोडायचं ठरवलं, पण मंजिरीपासून हे लपवून ठेवणं जिवावर आलं. तिच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. तिने लगेच विचारलं,

"आणखी काय म्हणतो?"

"काही नाही. तेवढंच."

"माझं नाव?"

मी नकारार्थी मान हलवली.

"भाऊजी, सायकल सोडू नका ना. मी काय मागतेय ते कळतंय मला... पण कधीतरी म्हणेल काही."

म्हणून जातो. एकीला नवरा जिवंत हवाय, दुसरीला गेलेल्या नवऱ्याचा एक शब्द.

परवा मात्र असह्य झालं. मागून "गाडी, भाऊ" आलं आणि मी सरकायचं सोडून ओरडलो, "हेमंत, माझं राहू दे रे. तू बाजूला हो. मागे बघ."

गाडीवाला हॉर्न मारत, शिव्या देत निघून गेला. मी थांबून वाट पाहिली. काही नाही. पुन्हा निघालो, तर सिग्नलच्या अलीकडे तेच, त्याच सुरात — "गाडी, भाऊ."

हे काय आहे, ते मला आजही सांगता येत नाही. एवढंच कळलंय की त्याला आपलं काहीच ऐकू जात नाही. मंजिरी रोज संध्याकाळी फोन करून विचारते, आज काही म्हणाला का. तिचाही एक निरोप आहे त्याला द्यायला. त्याला ऐकू जात नाही हे मी तिला अजून बोललेलो नाही, "सांगतो" एवढंच म्हणून ठेवलंय.