‘परत घेऊ या का?’ या वाक्याच्या हकालपट्टीबाबत

प्रथम तारखा. इंग्रजी तारखा मला आज नक्की सांगता येत नाहीत आणि जे नक्की नाही ते मी लिहीत नाही. तिथी मात्र पक्क्या आठवतात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लेख परीक्षणासाठी दाखल झाला. तुळशीच्या लग्नाच्या दिवशी तो नामंजूर झाल्याचे कळले. त्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी मी नोटीस बजावली आणि त्याच शुक्रवारी दुपारी आमच्यावर बंदी आली. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी मी माघार घेतली.

आता जबाबदार व्यक्ती. एक, टोपणनावाने वावरणारा तो परीक्षक. दोन, ती कॅसेट कंपनी, जिने पुढे सीडी काढताना शेवटच्या गाण्याचे अखेरचे काही क्षण कापून टाकले. तीन, माझी पत्नी. ‘‘आयुष्यभर सॉलिसिटरकडे इंग्रजी मसुदे केलेत, जरा सुनेचा लेख बघा की,’’ हे उद्गार तिचे. या यादीत मलाही बसवण्याचा प्रयत्न घरात झाला होता. तो मी तेव्हाच फेटाळला.

माझी सून रत्नागिरीची. तिथे ती एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होती. लग्नानंतर आमच्याकडे, मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये आली आणि नोकरी शोधू लागली. अर्ज जात, उत्तरे येत नसत. याच सुमारास मुलाने घरी ब्रॉडबँड घेतले आणि तिला इंटरनेटवरचा तो इंग्रजी ज्ञानकोश सापडला, ज्यात कोणीही लेख लिहू शकतो. ‘कोणीही’ या शब्दाला माझा पहिल्या दिवसापासून आक्षेप होता. तिने विषय निवडला तो एका पॉप गायिकेचा पहिला अल्बम.

‘‘विषय काही कमी होते का?’’ मी विचारले.

‘‘बाबा, ही कॅसेट मी अकरावीत झिजवलीय. दुसऱ्या कशाबद्दल मला एवढं माहीतच नाही.’’

हे उत्तर मला आवडले. साक्षीदाराने स्वतःला ठाऊक असलेल्याच गोष्टीबद्दल बोलावे.

मग आमची बैठक रोज सुरू झाली. ती छापील प्रत आणी आणि मी लाल पेन्सिल घेऊन बसे. ‘मधुर आवाज’ असे लिहिले असले की मी समासात लिही: कोणाच्या मते? ‘अत्यंत लोकप्रिय’ दिसले की: पुरावा? ती जुन्या मासिकांतून कात्रणे मिळवी, तळटीपा जोडी आणि पुन्हा प्रत आणी. ‘‘आता तरी मधुर म्हणू का?’’ असे मिस्कीलपणे विचारी. मी नाही म्हणे. गेल्या कित्येक वर्षांत माझ्या शेऱ्यांवर इतके प्रेमाने भांडणारे कोणी मला भेटले नव्हते. महापालिकेला मी पाठवत असलेल्या तक्रारींची तर पोचसुद्धा येत नसे.

वादाचे वाक्य लेखाच्या शेवटी होते. सारा अल्बम हिंदीत, मधे मधे इंग्रजीची फोडणी. पण शेवटचे गाणे संपून वाद्ये थांबली की कॅसेटवर क्षणभर शांतता आहे आणि मग त्या गायिकेचा दमलेला आवाज कोणाला तरी मराठीत विचारतो, ‘‘परत घेऊ या का?’’ पुसायचे राहून गेलेले. सून म्हणाली, ‘‘हे पहिल्यांदा ऐकलं ना, तेव्हा मला वाटलं, अगंबाई, ही तर आपल्यातलीच! मैत्रिणींना रिवाइंड करकरून ऐकवलं.’’

मी ऐकल्याशिवाय वाक्य मान्य करणे शक्य नव्हते. सीडीवर तो आवाज नव्हता आणि आमचा टेपरेकॉर्डर कधीच भंगारात गेला होता. शेवटी राई गावाहून आमच्या इमारतीत मासळी घेऊन येणाऱ्या मावशींना पत्नीने विचारले.

‘‘हाय ना टेप,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पन बटन धरून बसाला लागतं. सोडलं का थांबतं.’’

दुसऱ्या दिवशी पाटीबरोबर टेपही आला. जेवणाच्या टेबलावर तो ठेवून, बटणावर अंगठा दाबून, मी त्या अल्बमच्या दोन्ही बाजू ऐकल्या. अंगठा बधिर झाला तेव्हा दुसऱ्या हाताचा लावला. गाणी मला वाटली होती त्याहून बरी निघाली. एकाची चाल तर मी नंतर न्हाणीघरात गुणगुणत होतो, असा पत्नीचा दावा आहे. शेवटी तो आवाज आला. ‘‘परत घेऊ या का?’’ दारात हिशेबासाठी थांबलेल्या मावशींनीही तो ऐकला.

‘‘दमली गं पोर,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कोनी पानी द्या तिला.’’

मी समासात लिहिले: मान्य.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी परीक्षकाचा निकाल आला. लेख नामंजूर. मुख्य आक्षेप याच वाक्यावर: लेखिकेने हे स्वतः ऐकले असे दिसते, स्वतःचे निरीक्षण चालत नाही, ते छापून आल्याचा संदर्भ द्यावा. मी हे दोनदा वाचले. कोर्टात ऐकीव गोष्ट चालत नाही आणि प्रत्यक्ष ऐकणाऱ्याला पिंजऱ्यात बोलावतात. येथे प्रत्यक्ष ऐकणाऱ्याला बाहेर काढून, त्याच्याबद्दल तिसऱ्याने छापलेले ते खरे! कॅसेट हाच पुरावा होता. ती टेबलावर पडली होती.

सून खुर्चीवरून उठली. मग म्हणाली, ‘‘लेख ‘चांगला’ ठरला की वर एक छोटी हिरवी खूण येते, बाबा. इथे आल्यापासून माझं म्हणावं असं एवढंच एक काम झालं होतं.’’ आणि उसाचे तुकडे करायला आत निघून गेली.

शुक्रवारी सकाळी ती भाजीला गेली असताना संगणक चालूच होता. मी एकेक अक्षर शोधत परीक्षकाला नोटीस लिहिली: आपण लेखिकेच्या परिश्रमांची अप्रतिष्ठा केली असून विहित मुदतीत लेखी खुलासा न केल्यास आपणाविरुद्ध योग्य त्या न्यायालयात दाद मागण्यात येईल व होणाऱ्या खर्चास आपण जबाबदार राहाल. नोटीस उत्तम उतरली होती. खंत एकच, पत्ता नसल्यामुळे ती रजिस्टर्ड पोस्टाने पाठवता येत नव्हती.

दुपारी सुनेची हाक आली.

‘‘बाबा, तुम्ही काही लिहिलंत का इथे?’’

‘‘लिहिलं. का?’’

‘‘कोर्टाची धमकी दिली की खातं बंद करतात. नियम आहे त्यांचा. आणि खातं माझं होतं.’’

ती रागावली नाही. ते परवडले असते. पुढे कित्येक दिवस ‘चहा ठेवू का’ आणि ‘जेवण वाढलंय’ याखेरीज ती माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळच्या छापील प्रती थांबल्या. लाल पेन्सिल फोनशेजारी पडून राहिली. पत्नी म्हणाली, ‘‘आता स्वतःलाच एक नोटीस काढा.’’

नियमानुसार धमकी जाहीरपणे मागे घेतल्यास बंदी उठत होती. मी आजवर एकही पत्र मागे घेतलेले नव्हते, बिल्डरला लिहिलेलेही नाही. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी, सासू-सुनांची पूजा आटोपल्यावर, मी सुनेला म्हटले, ‘‘बस. मी सांगतो, तू टाइप कर.’’

‘‘सांगा.’’

‘‘माझे सर्व हक्क अबाधित राखून आणि कोणतीही चूक मान्य न करता, मी सदर नोटीस…’’

‘‘बाबा.’’

‘‘काय?’’

‘‘हक्क काढा ना.’’

‘‘हक्क कसे काढता येतील?’’

‘‘काढा. आणि ‘चूक मान्य न करता’ पण.’’

आतून पत्नी ओरडली, ‘‘मग उरलं काय त्यात?’’ सून हसली. तुळशीच्या लग्नानंतर प्रथमच. मी हक्क काढले. उरले ते एकच वाक्य: नोटीस लिहिणारा मी लेखिकेचा सासरा असून ती बिनशर्त मागे घेतो. दुसऱ्या दिवशी खाते उघडले आणि त्या संध्याकाळी छापील प्रत पुन्हा माझ्यापुढे आली.

पुढे लेख पुन्हा दाखल झाला आणि मंजूर झाला. हिरवी खूण तिने मला बोट ठेवून दाखवली. पत्नीने शिरा केला. मावशींना वाटी दिली. मी चष्मा लावून लेख पहिल्यापासून वाचला. वाक्य नव्हते.

‘‘मीच काढलं, बाबा,’’ सून म्हणाली. ‘‘छापील पुरावा कुठून आणू? असू दे. आपल्याला माहितीये ना.’’

तिने ते आनंदाने सोडले आणि तिच्या आनंदात मी त्या दिवशी खंड पाडला नाही. परंतु घरात चार माणसांना माहीत असणे ही नोंद नव्हे, हे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे. म्हणून, ज्यांचे नाव-गाव मला कधीच कळले नाही त्या परीक्षक महाशयांना मी येथून विचारतो. ही नोटीस नाही. याला मुदत नाही, खर्च नाही, कोर्टही नाही. आपण सुनेच्या लेखातील तळटीपा तपासल्यात, स्वल्पविराम तपासलेत. तो अल्बम आपण ऐकला होता काय? कॅसेटवर, शेवटच्या गाण्यानंतर वाद्ये थांबून शांतता होईपर्यंत? होय असल्यास ती मुलगी काय विचारते ते सांगावे. नसल्यास तसे म्हणावे. खाजगी उत्तर मला नको. जेथे आपण निकाल दिलात त्याच पानावर, आपल्या टोपणनावाने का होईना, सर्वांना वाचता येईल असे लिहावे.