रेणव्वा आणि खाडीकाठच्या बाया

नागवेणीने सुमंगला मॅडमना फोन केला. "मॅडम, मुलीला घेऊन जा. माझ्याच्याने होत नाही," एवढंच ती बोलली. पलीकडून मॅडम म्हणाल्या, "शुक्रवारी येते मी. तोवर धीर धर, अक्का." फोन ठेवून ती मागच्या दारी जाऊन बसली. स्वयंपाकघरात भिंतीवरून आमटीचे ओघळ उतरत होते आणि ताट उपडं पडलं होतं.

मुलगी होती पंधरा वर्षांची, रेणव्वा. गदगच्या पलीकडची, काळ्या रानातली. बापाने तिचं लग्न ठरवलं होतं, ते कुणीतरी कळवल्यामुळे मांडवातच थांबलं. त्यानंतर काही महिने ती कारवारच्या सरकारी मुलींच्या गृहात होती. तिथे काम करणाऱ्या सुमंगला मॅडम अघनाशिनीच्या काठावरच्या या गावात बायकांच्या सभेला आल्या होत्या. अशा मुलींना घरात ठेवून घेणारी कुटुंबं हवीत, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा सगळ्या जणी पदराची टोकं बघत बसल्या होत्या. नागवेणीचा हात मात्र आपोआप वर गेला. तिला मूल नव्हतं. नवरा हम्मण्ण दिवसभर खाडीवर तरीची होडी चालवायचा, या काठावरून त्या काठावर. ती स्वतः ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्यांचे शिंपले वेचायची. घर छोटं होतं, पण एका मुलीपुरती जागा होती.

जागेचा प्रश्न नव्हताच मुळी. मुलगी मासे खात नव्हती. वास आला की नाकाला ओढणी लावायची. उकड्या तांदळाची पेज समोर ठेवली की म्हणायची, "ह्ये नगं." शाळेत तिच्या बोलण्याला पोरी हसायच्या, म्हणून ती शाळेतून उठून बसस्टँडवर जाऊन बसायची. दोनदा हम्मण्ण तिला शोधून घेऊन आला. घरात ती तासन् तास भिंतीकडे तोंड करून पडायची. तिला एकटं सोडायची भीती वाटे, म्हणून नागवेणीचं खाडीत उतरणंच बंद झालं.

आणि गाव? गावातल्या बाया वाटेत भेटल्या की म्हणायच्या, "पुण्याचं काम करतेस गं नागक्का." तिला सुरुवातीला बरं वाटायचं. पुढे पुढे ते शब्द कानावर आले की ती पाय उचलून पुढे निघायची.

त्या दिवशी तिने मुद्दाम मासे टाळून डाळीची आमटी केली होती. रेणव्वाने एक घास घेतला आणि ताट भिरकावलं. नागवेणीचा हात उचलला गेला. तो हवेतच थांबला, पण रेणव्वाने ज्या सवयीने डोकं खांद्यात ओढून घेतलं, ते बघून नागवेणीला स्वतःचीच भीती वाटली. म्हणून तो फोन.

तरीवर बातमी लपत नाही. हम्मण्णने तोंड उघडलं नसतं, पण त्याचा चेहरा बघूनच लोकांनी ओळखलं. संध्याकाळी अंगणात पाच-सहा जणी जमल्या. सगळ्यांत पुढे मादेवक्का, वयाने मोठी, जिभेने त्याहून मोठी.

"मन लावून घेऊ नकोस," मादेवक्का म्हणाली. "तू केलंस ते पुष्कळ झालं. दुसऱ्याचं रक्त ते दुसऱ्याचंच."

नागवेणी ताडकन उठली. "पुष्कळ झालं म्हणजे काय? तुम्ही काय केलंत? दोन महिने झाले पोरीला येऊन. एकीने तरी तिला नाव विचारलं? मला कुणी म्हणालं, नागक्का, तू जा खाडीत, मी बसते हिच्याजवळ? पुण्य पुण्य करता सगळ्या. ते पुण्य घ्या वाटून आणि मला एक दुपार द्या!"

 मग शारदी, जिचा नवरा हुबळीच्या लॉरीवर होता, हळूच म्हणाली, "आम्हांला वाटलं चालत नसेल. सरकारी मूल ना. हात लावला आणि काही झालं तर पोलीस यायचे."

"सरकारी मूल म्हणजे काय, विजेचा खांब आहे का?" नागवेणी ओरडली, आणि तिला स्वतःलाच हसू फुटलं. मग रडू आलं. मादेवक्का तिच्या शेजारी पायरीवर बसली.  म्हणाली, "मला सांगायचंस तरी. माझी दुपार काय, झोपण्यातच जाते."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मादेवक्का खरंच आली, उशाला पाट घेऊन. "मी इथे झोपते. तू जा," ती नागवेणीला म्हणाली. नागवेणी कितीतरी दिवसांनी कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली. पायाच्या बोटांना तिसरीची कड लागली तेव्हा तिचे खांदे सैल पडले.

शारदीच्या नवऱ्याने हुबळीहून जोंधळ्याचं पीठ आणलं. पण किनाऱ्यावर कुणाला भाकरी येते? शारदी पीठ मळायला बसली, तर भाकरी परातीतच फुटली. दुसरी उचलली, ती तव्यावर पडताना दुमडली. मादेवक्का म्हणाली, "हा तर नकाशा झाला देशाचा." आतल्या खोलीच्या दारात रेणव्वा कधी येऊन उभी राहिली ते कुणाला कळलं नाही.

"गरम पानी घ्या की," ती वैतागून म्हणाली. "थंड पान्यात कुठं पीठ मळत्यात? सरा तिकडं."

ती बसली. पीठ रगडून रगडून मऊ केलं, आणि तळहातांच्या मध्ये भाकरी अशी फिरायला लागली की बाया बघत राहिल्या. भाकरी टम्म फुगली. मादेवक्काने तुकडा तोडला. "पोरी, हे चावायला दात हवेत गं. माझे खाडीत पडले." रेणव्वा हसली नाही, पण तिने पुढची भाकरी पातळ केली.

शुक्रवारी सुमंगला मॅडम आल्या. नागवेणी म्हणाली, "मी घाईत फोन केला. पण आता माझं नको, तिचं विचारा." मॅडमनी विचारलं. रेणव्वा पायाच्या अंगठ्याने जमीन टोकरत म्हणाली, "मला ठावं न्हाई. पर सोमवारी गणिताचा पेपर हाय." मॅडम एकट्याच परत गेल्या.

सगळं सुरळीत झालं असं नाही. रेणव्वा नंतरही एकदा बसस्टँडवर गेली. तिथल्या चहावाल्याने तिला बाकावर बसवून बन दिला आणि हम्मण्णला निरोप धाडला. शाळेत शारदीची मुलगी तिच्याशेजारी बसू लागली, तेव्हा हसणाऱ्या पोरींची तोंडं बंद झाली. तरी घरात दारं आपटणं, अबोला, हे चालूच होतं. फरक एवढाच, की आता नागवेणीचं डोकं तापलं की ती उठून मादेवक्काच्या ओसरीवर जाऊन बसायची.

मग एके दिवशी रेणव्वाचा बाप, फकीरप्पा, आला. अशा मुलींचे निर्णय घेणाऱ्या सरकारी बालकल्याण समितीची परवानगी न घेताच आला होता. पलीकडच्या काठावर हम्मण्णने एका अनोळखी, पागोटंवाल्या माणसाला तरीत घेतलं आणि अर्ध्या खाडीत आल्यावर त्याने विचारलं, "रेणव्वा कुठं ऱ्हाती?" हम्मण्णने त्याला धक्क्यावर थांबवून ठेवलं आणि सुमंगला मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "मुलीला भेटायचं असेल तरच भेटू द्या. आणि एकटीला सोडू नका."

रेणव्वा म्हणाली, "भेटते. पर घरात नगं."

ओहोटी लागली होती. ती धक्क्याच्या पायऱ्यांवर बापासमोर उभी राहिली. नागवेणी खाली पाण्यात उतरली. तिच्यामागून मादेवक्का, शारदी आणि बाकीच्या जणी, जाळ्या कमरेला बांधून. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांना धक्क्याजवळच तिसऱ्या सापडणार होत्या.

फकीरप्पा रडत होता. "चुकलो मी, बाळ. चल घरला. आज्जी तुझ्या नावानं डोळं लावून बसलीया."

रेणव्वाचेही डोळे भरले. आजीचं नाव निघाल्यावर तिचा पाय एक पायरी खाली उतरला.  ओरडावं, तिला धरावं, असं नागवेणीला वाटलं, पण ती खाली वाकून वाळू चाचपत राहिली.

"ते लगीन मोडलंय का?" रेणव्वाने विचारलं.

फकीरप्पाने पागोट्याचं टोक चाचपलं. "त्ये बघू की पुढं."

"मोडलंय का न्हाई?"

तो खाडीकडे बघू लागला. पाण्यात कुणाचाच हात हलत नव्हता.

"मंग मी येत न्हाई," ती म्हणाली. "आज्जीला सांगा, परीक्षा झाली की फोन करते."

हम्मण्णने त्याला परत त्या काठावर सोडलं. वाटेत त्याला पाणी दिलं, कारण तोही माणूसच होता. रेणव्वा पायरीवर बसून हमसून हमसून रडली. नागवेणी ओल्या कपड्यांनी तिच्याजवळ बसली. बाकीच्या बाया वर आल्या तेव्हा एकीच्याही जाळीत काही नव्हतं.

अठरा पूर्ण झाल्यावर रेणव्वा धारवाडला नर्सिंग शिकायला गेली. आजीला ती फोन करते, बापाशी कधी बोलते, कधी नाही. तिच्यानंतर नागवेणीकडे आणखी एक मुलगी आली. ती महिनाभरात आईकडे परत गेली, आणि नागवेणी कितीतरी दिवस नीट जेवली नाही. सगळंच काही जमून येत नाही, हे तिला पटतं आणि पटतही नाही.

यंदा शारदीने मॅडमना आपलं नाव दिलं. मुलगी यायच्या आदल्या दिवशी ती घाबरून नागवेणीकडे आली. "अक्का, मी काय करू सांग."

नागवेणी तिसऱ्या धूत होती. हात न थांबवता म्हणाली, "पहिल्या महिन्यात तुला तिचा भयंकर राग येईल. आला की तिच्यापुढे उभी राहू नकोस. सरळ माझ्याकडे निघून ये. मी जाऊन बसते तिच्याजवळ."

"आणि नाही आला राग तर?"

"येईल गं," नागवेणी म्हणाली. "त्याची काळजी नको."