स्टार्टरच्या झाकणावरचा नंबर

बाबांनी आयुष्यभर शेतातल्या पाण्याच्या मोटरी दुरुस्त केल्या आणि दुरुस्त केलेल्या प्रत्येक मोटरीच्या स्टार्टरच्या पेटीत, झाकणाच्या आतल्या बाजूला, लाल ऑइलपेंटने आपला मोबाइल नंबर लिहिला. बाहेरून लिहिला तर उन्हाने उडतो आणि दुसरा मिस्त्री त्यावर चुना फासून जातो, हा त्यांचा अनुभव. मोटर जळाली की शेतकरी आधी पेटी उघडतो. उघडली की समोर बाबांचा नंबर. अशी जाहिरात मोबाइल कंपन्यांना कोट्यवधी ओतूनही कधी जमली नाही.

वाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटरीत तांब्याची नवी तार गुंडाळणं, मी त्यांच्याच हाताखाली शिकले. बाबा गेल्यावर वर्धा जिल्ह्यातल्या रोहणा गावातलं त्यांचं दुकान मी चालू ठेवलं. फोन वाजायचा, पलीकडून आवाज यायचा, "जय भीम, मिस्त्री हायेत का?" मी सांगायची की मिस्त्री वारले, मी त्यांची पोरगी, मोटर आणून टाका. मग थोडा वेळ पलीकडे नुसता वारा. बाईच्या हातात मोटर द्यायची म्हणजे काय, हा विचार त्या वाऱ्यात मला ऐकू यायचा. पण नंबर मिस्त्रीचा आहे, म्हणजे हात त्यांनीच शिकवलेला असणार, असं म्हणून बहुतेक जण यायचे. माझ्या नावावर कुणी आलं नसतं. लोक नंबरावर येत होते, आणि माझी चूल त्या दहा आकड्यांवर पेटत होती.

तो नंबर घेतला तेव्हा कंपन्यांची नुसती झुंबड होती. बाजाराच्या दिवशी छत्र्या लावून सिमकार्ड वाटायचे, हात धरून बोलवायचे. बाबांनी पारखून एक घेतलं, कारण त्याचा टॉवर बाजाराच्या मागेच होता आणि कार्डावर 'लाइफटाइम' असं छापलेलं होतं. एकदा पैसे भरा, फोन आयुष्यभर येत राहतील. बाबा भोळे नव्हते, पण छापलेल्या शब्दावर त्यांचा विश्वास होता.

पुढे कंपन्यांनी एकमेकींना गिळायला सुरुवात केली. आमची कंपनीही एका मोठ्या कंपनीत विलीन झाली. 'दोन परिवार एक झाले, आता दुप्पट नेटवर्क', असा मेसेज आला. मला तर तो कुणाच्या लग्नाची पत्रिकाच वाटला. दुप्पट कसलं? एका गावात दोन टॉवर कशाला म्हणून बाजारामागचा टॉवर त्यांनी खोलून नेला. उरला तो लांबचा. त्याची रेंज माझ्या टिनाच्या दुकानात शिरेना. मी फोन पिशवीत घालून बाहेरच्या विजेच्या खांबाला टांगू लागले. वाजला की हातातली तार टाकून पळायचं. पोचेपर्यंत बंद.

'लाइफटाइम'ही गेलं. फोन नुसता येत राहावा म्हणून दर महिन्याला रिचार्ज, आणि महिना त्यांचा अठ्ठावीस दिवसांचा. फेब्रुवारी सोडला तर असा महिना कोणत्या पंचांगात असतो, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. आधी दर वाढवला की लोक दुसऱ्या कंपनीकडे जायचे. आता जायचं कुठे? उरलेल्या दोन-तीन कंपन्या एकाच आठवड्यात दर वाढवतात, जणू एकाच घरच्या जावा आहेत.

हेही मी गिळलं. मग मेसेज आला, जुनं सिमकार्ड बंद होणार, अमुक तारखेच्या आत नवीन घ्या.

माझ्या शेजारी किराण्याचं दुकान आहे. दुकानदारकाका रिचार्जही मारून देतात. त्यांना मेसेज दाखवला तर त्यांनी विचारलं, "नंबर कोणाच्या नावानं हाय?"

"बाबांच्या."

"मग जाऊ नको. गेलीच तं खरं सांगू नको. बाबा बिमार हाय, अंथरुणाले खिळून हाय, असं सांगजो. म्हाताऱ्याले जिवंत ठेव, बाई."

मला राग आला. बाबा दर रविवारी विहारात पंचशील म्हणायचे, आणि चौथ्या शीलाशी आले की माझ्याकडे बघायचे. खोटं बोलणार नाही. लहानपणी मी फार थापा मारायची, म्हणून. त्यांचाच नंबर वाचवायला त्यांनाच खोटं जिवंत करायचं? मी नाही म्हटलं आणि वर्ध्याला गेले.

कंपनीचं तिथलं दुकान काचेचं, आत गारवा, भिंतीवर हसणारं कुटुंब. टोकन घेऊन तासभर बसल्यावर काउंटरवरच्या टाय लावलेल्या माणसाने नंबर टाकला आणि म्हणाला, "मॅडम, ज्यायच्या नावावर हाय त्यायले घेऊन या. अंगठा लागते."

"ते वारले."

"मग दाखला आणा."

मी दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीचा मृत्यूचा दाखला घेऊन परत गेले. त्याने तो पाहिला, स्कॅन केला, काहीतरी दाबलं. माझ्या हातातल्या फोनवरच्या रेंजच्या काड्या एकेक करून गेल्या.

"हे काय झालं?"

"बंद झाला. कस्टमर डेथ टाकली नं आपण."

"मला बंद नव्हता करायचा! माझ्या नावावर करायचा होता."

"नावावर करायचा ऑप्शन अजून नव्या सिस्टमले आला नाई, मॅडम. मर्जर चालू हाय. बंद करायचा आला हाय."

"काऊन? बंद करायचाच बरा आधी आला?" मी इतक्या जोरात ओरडले की भिंतीवरचं कुटुंब सोडून सगळे माझ्याकडे बघायला लागले. तो म्हणाला, कंप्लेंट टाका. मी टाकली. जुन्या कंपनीचा ग्राहक म्हणून नवी कंपनी ती मनावर घेईना, आणि जुनी कंपनी तर आता पृथ्वीवरच नव्हती. खोटं बोलणाऱ्यांचे नंबर आजही चालू आहेत. मी खरं बोलले आणि बाबा दुसऱ्यांदा गेले.

नवा नंबर घेतला, लाल पेंटचा डबा घेतला आणि स्कूटीवर निघाले. ज्या विहिरी मला ठाऊक होत्या तिथे झाकणं उघडून बाबांच्या अक्षराखाली माझा नंबर लिहिला. पण बाबा मिस्त्री होते, फिरायचे. कुठल्या कुठल्या शिवारात, कुणाच्या पेटीत त्यांचं अक्षर आहे, हे त्यांच्याबरोबरच गेलं. त्या उन्हाळ्यात माझं दुकान इतकं शांत होतं की मी वाइंडिंगवर ओतायच्या वार्निशचा डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. भीती वाटायची, आणि भीतीपेक्षा संताप जास्त.

काही महिन्यांनी एक शेतकरी मोटर घेऊन आला आणि म्हणाला, "तुह्या बाबाच्या नंबरवर एक मास्तरीणबाई बोलते. तिनं तुहा हा नवा नंबर देल्ला."

मी तिथल्या तिथे बाबांचा नंबर लावला. पलीकडे वयस्क, स्वच्छ आवाज. साताऱ्याकडच्या एक निवृत्त शिक्षिका. कंपनीने आमचा नंबर धुऊन पुसून त्यांना विकला होता.

"अहो, मला दिवसातून दोनदा विचारतात, मोटर कधी होईल," त्या म्हणाल्या. "आधी मी फार चिडले. मग एका माणसाला विचारलं, बाबा रे, हा नंबर तुला मिळाला कुठे? तो म्हणाला, झाकणावर. नंतर एकाच्या झाकणावर दोन नंबर निघाले, तेव्हा खालचा मी लिहून घेतला. आता सगळ्यांना तोच सांगते. चालेल ना?"

मी चालेल म्हटलं. एवढी मोठी कंपनी, काचेचं दुकान, टोकन, टाय, आणि माझं काम करत होती साताऱ्याची एक पेन्शनर बाई, फुकट. त्यानंतर गिऱ्हाईक पुन्हा यायला लागलं. बाई अधूनमधून चौकशी करायच्या, अमक्या गावच्या माणसाची मोटर झाली का, त्याचा हरभरा वाळत होता.

मग दर पुन्हा वाढले. बाईंचा फोन आला. आवाज ओशाळलेला.

"हे माझं दुसरं कार्ड आहे. दोन-दोन रिचार्ज आता जड जातात हो. या महिन्यात बंद करते. तुमच्या लोकांना कळवा."

माझ्या लोकांना! ते कोण आहेत आणि कुठे आहेत हेच तर मला ठाऊक नव्हतं. बंद झाला की नंबर तिसऱ्याकडे जाणार, आणि तिसरा माणूस बाईंसारखा असेलच असं नाही. मी म्हटलं, "मॅडम, बंद करू नका. तुमच्या कार्डाचं मी बघते."

तेव्हापासून दर अठ्ठावीस दिवसांनी मी शेजारच्या काकांच्या काउंटरवर उभी राहते आणि बाबांच्या नंबरावर रिचार्ज मारते. नंबर बाईंच्या नावावर, पैसे माझे, आणि जातात त्याच कंपनीला. पहिल्या वेळी काकांनी नंबर ओळखला. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "मी तवाच सांगतलं होतं, म्हाताऱ्याले जिवंत ठेव."

मी कंपनीला तिथेच उभी राहून, गिऱ्हाइकांसमोर, मोजून तीन शिव्या दिल्या आणि मग पैसे पुढे केले. अजूनही तसंच करते. आधी शिव्या, मग रिचार्ज.